न हलण्याचा तास

आमच्या घरात सकाळी साडेसहा ते साडेसात या वेळात कुणी बोलत नसे. नारायण पेठेतल्या आमच्या इमारतीत तळमजल्यावर छापखाना होता, आम्ही दुसऱ्या मजल्यावर तीन खोल्यांत राहायचो, आणि त्यातल्या पुढच्या खोलीत बाबा भिंतीला पाठ न टेकता मांडी घालून डोळे मिटून बसलेले असायचे. शेजारी टॉवेलात गुंडाळलेलं घड्याळ, कारण त्याची टिकटिकसुद्धा त्यांना नको असायची, आणि एक लहानशी पितळी घंटा. गवळ्याला कडी वाजवायची बंदी होती. दाराबाहेर स्टुलावर पातेलं ठेवलेलं असे, तो त्यात मुकाट्याने दूध ओतून जाई. कुकर साडेसातनंतर, मिक्सर साडेसातनंतर, खोकला आला तर मोरीत जाऊन. छापखान्याचे मालक एकदा जिन्यात बाबांना म्हणाले, "साहेब, तुमच्याकडे सकाळी इतकं शांत असतं, की वर येऊन एकदा बघून जावंसं वाटतं, सगळे आहेत ना." बाबांना ती स्तुती वाटली. त्यांनी ती आईला घरी येऊन सांगितलीसुद्धा.

या आठवणी लिहायला घेतल्या तेव्हा हे प्रकरण मी शेवटी ठेवलं. शाळेचं लिहून झालं, लग्नाचं झालं, बँकेतल्या तीस वर्षांच्या नोकरीचं आणि तिथल्या भांडणांचंही झालं. आता टाळायला काही उरलेलं नाही. माझं वय झालं आहे, आणि ज्यांना हे वाचून त्रास झाला असता ते दोघेही गेलेले आहेत.

आई अमरावतीची. लग्न होऊन पुण्यात आली ती बोलतच आली, असं बाबा म्हणायचे. भांडी घासताना बोलायची, कणीक मळताना बोलायची, घरात कुणी नसलं तर फोडणीशी बोलायची. पुण्यात वीस वर्षं काढूनही तिच्या बोलण्यातलं वऱ्हाड गेलं नाही. 'काहून' हा तिचा लाडका शब्द. काहून लवकर आली? काहून जेवत नाही? काहून तोंड पाडून बसली? आम्ही उत्तर देईपर्यंत ती पुढच्या 'काहून'वर पोचलेली असे. पहिल्या वर्षी मंडईत तिने सांबार मागितलं, म्हणजे कोथिंबीर, तर भाजीवाली म्हणाली होती, "सांबार हॉटेलात मिळतं, बाई. इथे कोथिंबीर मिळते." ही गोष्ट आई आल्यागेल्याला सांगायची आणि सांगताना स्वतःच आधी हसायची. पुढेही सांबारच म्हणत राहिली, आणि तीच भाजीवाली तिच्यासाठी ताजी जुडी बाजूला काढून ठेवायला लागली. थंडीत त्या जुड्यांच्या सांबारवड्या व्हायच्या, सोबत कढी. कधी गोळाभात, त्यावर हिंग-मोहरीचं कडकडीत तेल. ते तेल भातावर पडताना जो चर्र आवाज व्हायचा तो आम्हाला जेवायला बोलावायला पुरे होता. तरी ती हाका मारायचीच.

बाबा सरकारी कचेरीत आरेखक होते. धरणांचे, कालव्यांचे नकाशे काढायचे. हात इतका स्थिर, की पट्टी न घेता काढलेली रेघ पट्टीने काढल्यासारखी यायची. मात्र त्यांचा राग वाईट होता. मी सहा-सात वर्षांची असताना त्यांनी भरलेलं ताट भिंतीवर फेकलं होतं. रस्स्याचा तो डाग नंतर दोनदा चुना मारूनही पुसट दिसत राहिला. त्या दिवसाला ते स्वतःच घाबरले असावेत, कारण त्यानंतर महिन्याभरात ते कसबा पेठेतल्या एका सरांकडे ध्यान शिकायला जाऊ लागले. सर म्हणजे निवृत्त शाळामास्तर. कुठल्या पंथाचे नाहीत, भगवे कपडे नाहीत, फी नाही. बाबांचा राग खरोखर गेला. हे मला न्यायाने सांगितलं पाहिजे. आईच सुरुवातीला म्हणायची, "बसत जा बाप्पा रोज. निदान ताटं तरी शाबूत राहून राहिली." तिने तो तास आपणहून जपला. पण राग गेला आणि नियम राहिले. पुढे पुढे नियम वाढतच गेले.

मी त्यात शिरले ती बारावीला नापास झाल्यावर. गणितात गेले. पुण्यातल्या आमच्यासारख्या घरात त्या काळी मुलीने बारावीला नापास होणं म्हणजे काय, हे आज कुणाला समजावून सांगता येणार नाही. मला भीती बसली. कसली ते सांगता यायचं नाही. सकाळी जाग आली की छातीच्या हाडाखाली ती आधीच येऊन बसलेली असायची. पुस्तक उघडलं की अक्षरं पुसट व्हायची, हात गार पडायचे. आई म्हणायची, "काहून घाबरते? एक पेपर तर आहे." आणि मला खाऊ घालायची. तिच्याकडे सगळ्यावर तेवढाच उपाय होता. बाबांनी काही न बोलता एका रविवारी मला सायकलवर मागे बसवलं आणि सरांकडे नेलं.

सरांचा वर्ग तांबट आळीला लागून एका माडीवर भरायचा. खाली आणि आजूबाजूला तांब्याची भांडी ठोकणारे कारागीर. हंडे, बंब, घंगाळी. भांडं घडवून झालं की त्यावर हातोडीने एकसारखे ठसे उठवायचे, त्याला ते मठारकाम म्हणतात. सकाळपासून संध्याकाळपर्यंत टण टण टण टण. पहिल्यांदा तिथे बसलेला माणूस पाच मिनिटांत कानावर हात ठेवायचा. सरांनी ती जागा मुद्दाम घेतली होती. म्हणायचे, "हिमालयात कुणीही शांत बसेल. इथे बसता आलं तर खरं." त्यांची रीत अगदी साधी. कानावर काही आलं की मनात फक्त म्हणायचं, आवाज. हातोडी म्हणायचं नाही, कावळा म्हणायचं नाही, कोण आहे, कशाला आहे, काही नाही. आवाज, एवढंच. नाकाला काही जाणवलं तर वास. पाय दुखला तर दुखणं. नाव ठेवायचं आणि सोडून द्यायचं. आणि तासभर हलायचं नाही. डोळे उघडायचे नाहीत, बोटसुद्धा हलवायचं नाही. सर म्हणायचे, आपण आयुष्यभर प्रत्येक आवाजाला उठून पळत असतो म्हणून आपण कोण हे आपल्याला कळत नाही. एकदा तरी न उठता बसा. मग आत कोण बसलंय ते दिसेल.

मी चांगली विद्यार्थिनी निघाले. गणितात जे जमलं नाही ते इथे जमलं. दोन महिन्यांत तांबट आळीतले ठोके मला नुसते येऊन जाणारे ठोके झाले. सरांनी एकदा सगळ्यांसमोर बाबांना सांगितलं, तुमच्यापेक्षा तुमची मुलगी पक्की बसते. येताना बाबांनी वाटेत मला उसाचा रस पाजला. बाबा कधी काही पाजणाऱ्यातले नव्हते. मग मी घरीही सकाळी त्यांच्या शेजारी सतरंजी टाकून बसायला लागले. भीती गेली नव्हती, पण त्या तासापुरती ती जरा लांब सरकून बसायची. आणखी एक गोष्ट होती, आणि ती लिहायला लाज वाटते. बाबांच्या शेजारी बसल्यावर मी बाबांच्या बाजूची झाले. पुढच्या खोलीत आम्ही दोघं, डोळे मिटलेले, शहाणे. आणि आत स्वयंपाकघरात ती एकटी, पाय न वाजवता चालणारी, चमचा पडला तर जीभ चावणारी. घरात जी एकटी माझ्याशी बोलायची, ती आता सकाळी माझ्यासाठीही गप्प बसायला लागली.

परवा माझी लेक, अनुजा, आयटीतली नोकरी करून दमून आलेली, सोफ्यावर फोन लावून बसली. फोनमधली बाई हळू आवाजात इंग्रजीत काही सांगत होती. अनुजा म्हणाली, "आई, तू एकदा ट्राय तरी कर. फक्त दहा मिनिटं. जस्ट ऑब्झर्व्ह करायचं, रिअ‍ॅक्ट नाही व्हायचं." मी म्हटलं, मला दूध बघायचंय. ती म्हणाली, दूध गॅसवर नाहीये. ते मलाही माहीत होतं. मी तरी आत गेले आणि ओट्यापाशी उभी राहिले. आमच्या सोसायटीत गुरुवारी ध्यानाचा वर्ग असतो, तिथल्या बायका मला दर वेळी आग्रह करतात. त्यांना वाटतं मी नास्तिक आहे. वाटू दे.

मी नापास झाले त्या वर्षीच्या थंडीत आईच्या भावाच्या मुलीचं लग्न अमरावतीला ठरलं. एकुलती एक भाची. नेमके तेच दहा दिवस सरांच्या मौनाच्या बैठकीचे होते, आणि बाबांनी आम्हा दोघांची नावं दिलेली होती. आई आठवडाभर तो विषय काढत होती. ते घडलं त्याच्या आदल्या संध्याकाळी जेवताना पुन्हा काढला. "अजी, मी एकटी कशी जाऊ? लोक काय म्हणतील, नवरा नाही, पोरगी नाही?" बाबा घास चावत राहिले. ते आता चिडत नसत. चिडत नसत म्हणजे उत्तरच देत नसत. आई बोलत राहिली, तिचा आवाज चढला, आणि मला वाटलं की माझी इतक्या महिन्यांची कमाई हिच्या बोलण्याने वाहून चालली आहे. मी म्हणाले, "आई, तू कधीतरी गप्प बसायला शिक ना."

तिने माझ्याकडे पाहिलं. बाबांकडे पाहिलं. "बसते बाप्पा," म्हणाली, "तुम्ही दोघंही म्हणून राहिले तर बसते."

ती माझ्याशी जे बोलली त्यातलं हे शेवटचं पूर्ण वाक्य. मी ते इतक्या वेळा मनात ऐकलं आहे की आता त्यात तिचा आवाज किती आणि माझा किती, ते कळत नाही.

एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं समजणार नाही. आई रागावली की तिचा राग भांड्यांवर निघायचा. आमच्या शांततेच्या तासात ती कधीकधी मुद्दाम झाकण आपटायची, डबा ओट्यावर जोरात ठेवायची. बाबांनी एकदा सरांना तसं सांगितलं होतं. सर हसून म्हणाले होते, तीच तुमची परीक्षा समजा. तांबट आळी तुमच्या घरातच आहे. हे आम्हाला फार आवडलं होतं. आम्ही ते आपापसांत म्हणायचोसुद्धा. आईचं झाकण वाजलं की बसून उठल्यावर बाबा नुसतं "आळी" म्हणायचे आणि मी हसायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बसलो. गारठा होता, खिडक्या बंद होत्या. आई आत उठली होती, पातेलं आत घेतल्याचं, गॅस पेटवल्याचं कळलं. पंधरा-वीस मिनिटं झाली असतील. आत ताटली पडली. पडली आणि गोल फिरत राहिली, फिरत फिरत बसली. त्याच्या आधी काही जड खाली टेकल्यासारखं ऐकू आलं होतं का? मला वाटतं आलं होतं. पण तो आवाज मी खरंच ऐकला की पुढे मनाने भर घातली, हे आता सांगता येणार नाही. मी मनात म्हटलं, आवाज.

मग ठोके सुरू झाले. धातूवर धातू. टण. टण. थोडं थांबून पुन्हा टण. आम्ही तांबट आळीतूनच आणलेला पाण्याचा हंडा ओट्याखाली असायचा, त्यावर पळी मारल्यासारखे. मला कळलं की ती मुद्दाम करते आहे. कालचा राग. आणि मी ठरवलं की आज नाही. आज मी हलणार नाही. आवाज, आवाज, आवाज. ठोक्यांना ताल नव्हता, कारागिराच्या हातोडीला असतो तसा. एवढंच जरा खटकलं. तेही मी सोडून दिलं.

मग दूध करपल्याचा वास आला. वास, म्हटलं. पण वास वाढला, आणि त्या क्षणी मी एक डोळा किंचित उघडला. बाबा ताठ बसले होते. डोळे मिटलेले, हात गुडघ्यांवर, चेहऱ्यावर एक सुरकुती हललेली नाही. घरातला मोठा माणूस हलत नाही म्हणजे उठण्यासारखं काही नाही, असं मला वाटलं. खरं म्हणजे असं वाटलं, की मी आधी उठले तर मी हरले. मी डोळा मिटून घेतला.

ठोके हळू झाले. दोन ठोक्यांमधलं अंतर वाढत गेलं. मग ते थांबले.

आणि ते थांबल्यावर मला शांती मिळाली. हे मला लिहायलाच हवं, कारण हे प्रकरण त्यासाठीच आहे. ज्याच्यासाठी लोक डोंगरावर जातात, फोनमध्ये बाई ठेवतात, ते मला त्या सकाळी नारायण पेठेत मिळालं. छातीच्या हाडाखालची भीती नव्हती. ती लांब सरकलेली नव्हती, नव्हतीच. मी नापास झालेली नव्हते, कुणाची मुलगी नव्हते. श्वास येत होता आणि जात होता, आणि त्याला माझी गरज नव्हती. किती वेळ, वीस मिनिटं असेल. इतकं बरं मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं आणि नंतरच्या चाळीसहून जास्त वर्षांत एकदाही वाटलेलं नाही. ते खोटं होतं, भ्रम होता, असं म्हणून मला सुटता आलं असतं. पण ते खरं होतं. माझी आई दहा पावलांवर फरशीवर पडलेली होती आणि मी सुखात होते.

साडेसातला बाबांनी घंटा वाजवली. घंटेनंतर आणखी पाच मिनिटं बसायचं असे, सर्वांचं भलं होवो असं मनात म्हणत. मी सर्वांचं भलं चिंतलं. आईचं वेगळं नाव घेतलं. आईचा राग शांत होवो, असं मी म्हणाले. तिला क्षमा केली.

ती ओट्याला टेकून एका कुशीवर पडलेली होती. तोंड एका बाजूला ओढलेलं. उजवा हात अंगाखाली सापडलेला आणि डाव्या हातात पळी, तिचं टोक हंड्याला लागलेलं. पातेलं काळं झालं होतं, गॅस चालूच होता. ती जिवंत होती. डोळे उघडे होते आणि ती आमच्याकडे बघत होती. बाबांनी आधी गॅस बंद केला. का ते मला माहीत नाही. मग ते तिच्याजवळ बसले आणि "अगं, अगं" एवढंच म्हणत राहिले. छापखान्याचे मालक वर आले, त्यांनी आणि त्यांच्या माणसांनी खुर्चीत बसवून तिला खाली नेलं.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं, किती वाजता झालं? बाबा म्हणाले, साडेसातला सापडली. डॉक्टर पुण्याचेच होते. म्हणाले, "सापडली कधी ते नाही विचारलं. झालं कधी?" बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणाले, माहीत नाही, आम्ही बाहेरच्या खोलीत होतो. मी गप्प बसले. मला ताटली केव्हा पडली ते माहीत होतं. ठोके केव्हा थांबले तेही माहीत होतं. डॉक्टरांनी नंतर सांगितलं की लवकर आणलं असतं तर काही फरक पडला असता किंवा नसताही. या 'नसताही'वर मी जगेन असं त्यांना वाटलं असेल. मला त्यातला पहिला भागच ऐकू येतो.

आई त्यानंतर अकरा वर्षं जगली. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. सगळे शब्द गेले, एक सोडून. 'काहून' राहिला. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी, एखादा सवयीचा शब्द मागे राहतो, त्याला काही अर्थ नसतो. तिला पाणी हवं असलं की म्हणायची, काहून. कूस बदलायची असली की काहून. खिडकी लावा, उजेड डोळ्यांवर येतो, भात गार झाला, सगळ्याला काहून. आम्ही पाणी द्यायचो, कूस बदलायचो, खिडकी लावायचो. अमरावतीहून भाची नवऱ्याला घेऊन भेटायला आली, तिच्या गालावरून डावा हात फिरवत आई तेच म्हणत राहिली. मंडईतल्या त्या भाजीवालीने विचारलं, सांबारवाली दिसत नाही? मी म्हटलं, बरं नाही. तिने जुडी दिली आणि पैसे घेतले नाहीत. मी ती घरी आणली, आणि तिचं काय करायचं ते मला कळेना.

बाबांनी त्या दिवसापासून बसणं सोडलं. सतरंजी कपाटावर गेली. पितळी घंटा त्यांनी आईच्या डाव्या हाताशी ठेवली, हाक मारायला. ती वाजली की आम्ही दोघंही एकदम धावायचो आणि दारात एकमेकांवर आपटायचो. कधीकधी आई काही नको असताना वाजवायची. आम्ही येऊन उभे राहिलो की आमच्याकडे बघायची आणि मान वळवून घ्यायची. सर एकदा भेटायला आले. खुर्चीवर बसले, हात मांडीवर. आईने त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, काहून. सर उठले. चहा न घेता गेले. पुढच्या वर्षी वर्ग बंद झाल्याचं कानावर आलं.

मी नंतर बसून पाहिलं नाही असं नाही. आई गेल्यावर, लग्न झाल्यावर, अनुजाच्या जन्मानंतर ती भीती पुन्हा छातीत आली तेव्हा, लपून बसले. दोन मिनिटांत कुठेतरी भांडं वाजतं आणि मी उभी असते. शेजारच्या घरात चमचा पडला तरी उठते. सर म्हणायचे, न उठता बसलात की आत कोण बसलंय ते दिसेल. मला दिसलं. पुन्हा बघायची इच्छा नाही.

बाबा शेवटची चार वर्षं माझ्याकडे, सिंहगड रस्त्याच्या फ्लॅटमध्ये होते. त्या सकाळबद्दल आम्ही एकमेकांशी चकार शब्द काढला नव्हता. एका दुपारी गॅलरीत आम्ही मटार सोलत बसलो होतो. आरेखकाचा तो हात आता थरथरायचा, दाणे ताटाबाहेर पडायचे. ते मान वर न करता म्हणाले, "वसू, मी त्या दिवशी डोळे उघडले होते."

मी शेंग तशीच धरून राहिले.

"दूध करपल्यावर. एकदा उघडले. तू बसली होतीस, अगदी पक्की. म्हटलं, पोरगी हलत नाही, आणि मी बाप उठू?" मग विचारलं, "तू उघडले होतेस का?"

मला काय बोलावं याचा विचार करायला फार वेळ लागला नाही. मी खरं सांगितलं तर त्यांना कळेल की त्यांच्या ताठ बसण्याने मला खाली धरून ठेवलं. या वयात त्यांच्यावर आणखी ते ओझं कशाला? निदान आपली मुलगी तरी यात निर्दोष आहे, एवढं त्यांच्याकडे राहू दे. मी म्हणाले, "नाही बाबा. माझे बंदच होते."

त्यांनी मान हलवली. "बरं," म्हणाले. ताटाबाहेर पडलेले दाणे एकेक करून वेचले आणि आत जाऊन पडले. त्यानंतर ते पाच महिने जगले आणि तो विषय पुन्हा निघाला नाही.

मी त्यांच्यावर दया केली असं मला बरीच वर्षं वाटत होतं. आता मी त्यांच्या तेव्हाच्या वयाच्या जवळ आले आहे, आणि ते त्या दुपारी काय मागत होते ते मला कळतं. त्यांना निर्दोष मुलगी नको होती. तीस-पस्तीस वर्षं ते त्या पुढच्या खोलीत डोळे उघडे ठेवून एकटेच बसले होते, आणि शेजारी कुणी आहे का एवढंच त्यांनी विचारलं होतं. त्यांनी हाक मारली आणि मी त्याही वेळी उठले नाही.

उघडले होते, बाबा. मीही उघडले होते.